दाणा धरणारे आप्पा

धुडकू आप्पा धुतलेला चंबू आधी खिडकीशी धरत आणि मग ओरडत. "हाई काच धुयी, का तिले नुसतं पाणी दाखाडं?" शहाद्याच्या आमच्या कॉलेजात ते लॅब अटेंडंट होते. त्याआधी ऐन उमेदीची वर्षं ब्राह्मणपुरीकडे गुऱ्हाळावर, उकळत्या रसात गुळाचा दाणा कधी धरतो ते बघण्यात गेलेली.

एमएस्सीला माझा प्रकल्प चांदीच्या नॅनोकणांचा. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. नापास होऊन परत जायला तोंड नव्हतं. चार वेळा द्रावण पिवळं होण्याऐवजी राखाडी झालं. कण एकमेकांना चिकटून खाली बसले. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "तुमच्या लोकांना हे जमायचं नाही." आजही कानशिलं तापतात.

पाचव्या वेळी आप्पांनी चंबू स्वतः धुतला, तीन पाण्यांनी. "मळेल काचले बी दाणा धरस, पोरी." मी चांदीच्या उकळत्या द्रावणात कण तयार करणारं सायट्रेट थेंबथेंब सोडायला लागले, तर खेकसले, "देवले पाणी घाली ऱ्हायनी का? एकदम टाक! सगळा दाणा एकदमच धराले जोयजे. मांगून नवा धरना, का लहान-मोठा होस."

टाकलं. बीजकण एकाच वेळी धरले, मग चांदी त्यांच्यावरच चढत गेली. सायट्रेटचा थर प्रत्येक कणावर बसला, म्हणून ते चिकटले नाहीत. चंबू पिवळाधमक.

"दख! आते चाखू नको फक्त."

शोधनिबंधाच्या शेवटी आभारात मी आप्पांचं नाव लिहिलं. सरांनी लाल पेनाने खोडलं. "बाटल्या धुणाऱ्याचं नाव छापतात का कुठे?" केमिकल विकणाऱ्या दुकानाचे आभार मात्र तसेच राहिले. माझे गुण सरांच्या हातात होते. मी गप्प बसले.

आप्पांच्या निरोपाला शाल, नारळ, भाषण. "आप्पांनी इमानदारीने बाटल्या धुतल्या," सर म्हणाले. टाळ्या पडल्या. मला राहवलं नाही. बाहेर गाठून मी त्यांना खोडलेल्या नावाचं सांगितलं.

त्यांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला.

"सरनी खोडं, ते समजनं. तू का बरं गप ऱ्हायनी?"

यंदा आप्पा गेले. मी आता धडगावला शिकवते, चंबू खिडकीशी धरून बघते, पोरांवर ओरडते. तेव्हा खोडू दिलेलं नाव आज इथे लिहिते.

त्यांचं पूर्ण नाव धुडकू सुका कोळी. आता खोडा.