सुरयांचं बेट

दानेश्वरीनं कलबुर्गीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलं होतं. लग्न होऊन ती अफजलपूरजवळ भीमेकाठच्या गावात आली, तेव्हा तिचं शिकणं संपलं असं माहेरच्यांना वाटलं. पण उन्हाळ्यात नदी आटली, की मधल्या वाळूच्या बेटावर सुरय पक्षी अंडी घालत. घरचं आवरून ती काठावरच्या बाभळीखाली बसायची. ऊन चढलं, की हे पक्षी नदीत पोट भिजवून येतात आणि ओल्या पिसांनी अंडी गार ठेवतात, हे तिनं तिथंच पाहिलं. सासरे माणिकप्पा थट्टा करायचे, "सूनबाईचं दुसरं सासर नदीत हाय."

गेल्या वैशाखात पिल्लं अंड्यातून बाहेर पडायच्या बेतात होती, तेव्हा नदीच्या वरच्या अंगाला बंधाऱ्याची दारं सांभाळणाऱ्या नरसिंगचा फोन आला.

"अक्का, उद्या सकाळी दारं उघडायलोय. तुमची पाखरं..."

"आठ दिस थांबता येत न्हाई का, अण्णा?"

"खालच्या गावात बाया डबकी उपसायल्यात. प्यायला पानी न्हाई. मी कसं थांबवू?"

तिनं फोन ठेवला.

सकाळी ती गुडघाभर पाण्यातून बेटावर गेली. उंच टोकाला वाळूत खळगा केला, एका घरट्यातली अंडी त्यात ठेवली आणि लांब सरकली. पक्षी आला तो जुन्या, रिकाम्या खळग्यातच बसला. तिनं उठवलं. तो पुन्हा तिथंच बसला. सुरय अंडी नाही, जागा ओळखतो, हे तिला ठाऊक होतं. तरी दुसरं काय करावं ते सुचेना.

"पानी यायलंय! भाईर ये!" काठावरून माणिकप्पा ओरडले.

ती बाहेर आली. आधी सखल वाळू गेली, मग उंच टोकही. पक्षी वर किंचाळत फिरत राहिले.

माणिकप्पा तिच्याजवळ आले. मग हळूच म्हणाले, "मोटार लावू का? ऊस वाळायलाय."

"लावा," दानेश्वरी म्हणाली.

यंदा फाल्गुनात सुरय पुन्हा त्याच बेटावर आले. त्यांना बघताच ती "हितं नगं!" असं ओरडत, ढेकळं मारत पाण्यातून धावली. सगळे उठले, कलकलाट करत डोक्यावर घिरट्या घालू लागले. ती दमून खाली बसली, तसे एकेक करून वाळूवर उतरले.