साडूंच्या जिन्यातला दिवा

जगात कुठलीही गोष्ट लगेच सुरू होऊ नये आणि लगेच बंदही होऊ नये, अशा ठाम मताचा एकच माणूस मला आजवर भेटला, आणि माझं नशीब असं की तो माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, यजमान. डोंबिवलीच्या एमआयडीसीत त्यांचं पॅनेल बनवायचं छोटं वर्कशॉप होतं. कारखान्यांच्या मोटारी, पंप आणि पंखे ज्या लोखंडी कपाटांतून चालू-बंद होतात, ती कपाटं ते बनवत. त्या कपाटात वायरींच्या गर्दीत काडेपेटीहून जरा मोठी एक डबी बसवलेली असते, तिला टायमर म्हणतात. साडूंचा जीव त्या डबीत होता. बायकोचा वाढदिवस ते विसरत, पण आंबिवलीच्या कुठल्या कारखान्यात कुठल्या पंपाला कुठला टायमर लावला हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत.

टायमर म्हणजे काय हे त्यांनी मला शहाडला एका लग्नाच्या पंगतीत समजावलं. माझं सगळं लक्ष जिलबीच्या ताटाकडे होतं. "धाकटे," ते म्हणाले (मी धाकटा जावई, म्हणून हे नाव), "माठ बारीक नळाखाली ठेवला तर भरायला वेळ लागतो ना? तसंच आहे हे. वीज आली की आतला माठ हळूहळू भरतो. भरला की टक्! मग पुढची मोटार चालू. नळ किती बारीक ठेवायचा ते वरच्या बटणावर. दुसरा प्रकार उलटा. खटका बंद केला तरी माठ रिकामा होईस्तोवर काम चालूच." लाइट जाऊन आल्यावर कारखान्यातले सगळे पंप एकदम उठून फ्यूज उडवत नाहीत, एकामागून एक उठतात, ती पहिल्याची कृपा. आणि केमिकलचं मशीन थांबलं तरी वाफ ओढणारा पंखा आणखी थोडा वेळ फिरत राहतो, ती दुसऱ्याची. हे सगळं मला समजलं तोवर जिलबी पुढच्या पंगतीला गेली होती.

वर्कशॉपमध्ये ठीक होतं हो, पण हे प्रकरण त्यांनी घरी आणलं. पोरं बेल दाबून पळतात म्हणून त्यांनी बेललाच टायमर लावला. बटण बराच वेळ दाबून धरलं तरच बेल वाजणार. पोरं कंटाळली हे खरं, पण कुरियरवालेही कंटाळले. ताईंची पार्सलं खालच्या वॉचमनकडे साचू लागली. शेवटी ताईंनी दाराला जुन्या पद्धतीची कडी लावून घेतली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "हीच वाजवा, ती शोभेची आहे," असं सांगायला सुरुवात केली.

बरं, असाच एक टायमर देवाने त्यांच्या गळ्यातही बसवलेला. चहा घेणार का, असं विचारलं तर "घेऊ" हे उत्तर कप विसळून पालथे घातल्यावर यायचं. मुलगी बघायला आले तेव्हा आमच्या सासऱ्यांनी "मग, पसंत का?" असं विचारलं, आणि हे गप्प. सासरे घामाघूम झाले, सासूबाई आत जाऊन देवापुढे उभ्या राहिल्या. तेवढ्यात हे म्हणाले, "हो, अर्थात." मी माझ्या वेळी प्रश्न संपायच्या आत हो म्हणून मोकळा झालेलो. त्यावर त्यांचं मत असं की, "धाकटे, तुम्ही डायरेक्ट स्टार्टरवर चालता, बटण दाबलं की सुसाट. कधीतरी मोटारीसारखं आतलं वाइंडिंग जाळून घ्याल."

पण त्यांच्या या वेडाला घरात खरा मान मिळाला तो ताईंच्या गुडघ्यांमुळे. बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, हे तिसऱ्या मजल्यावर. जिन्यातल्या दिव्याला टायमर होता. खाली बटण दाबायचं, दिवे लागायचे, आणि थोड्या वेळाने आपोआप जायचे. सगळी बिल्डिंग तरुण असताना लावलेला तो वेळ. एका संध्याकाळी ताई भाजी घेऊन दुसऱ्या मजल्याच्या वर पोचल्या आणि दिवे गेले. बटण हाताशी नाही, मोबाइल घरी, बिचाऱ्या पायरीवरच बसून राहिल्या. ठाण्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलाला हे कळल्यावर तो तणतणत आला. "आई, माझ्याकडे लिफ्ट आहे, सगळं आहे. बाबा, ही अजून एकदा अशी अडकली ना, तर मी ऐकणार नाही. सरळ टेम्पो आणतो."

डोंबिवली सोडायची तयारी दोघांचीही नव्हती. ताईंची भिशी इथे, मैत्रिणी इथे. साडूंना तर ठाण्याच्या त्या टॉवरमध्ये बोलायला माणूसच सापडत नसे. दुसऱ्या दिवसापासून ते घड्याळ घेऊन ताईंच्या मागून जिना चढू लागले. "मी काय शर्यतीची घोडी आहे?" ताई ओरडायच्या. हे वर पोचल्याची वेळ बघायचे, खाली जायचे, मीटरच्या कपाटातल्या टायमरचं बटण स्क्रूड्रायव्हरने किंचित पुढे करायचे. गुडघे कुरकुरतील तसं बटण पुढे सरकत गेलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये नवा सेक्रेटरी म्हणाला, "काका, एवढा टाइम कशाला? उगाच लाइट जळतो. मी तर अर्ध्या वेळात वर जातो." विषय टाकी साफ करण्यावर गेला, तिथून पार्किंगवर गेला, आणि मग साडू म्हणाले, "तू तुझ्या पायांनी जातोस. माझ्या बायकोच्या पायांनी जाऊन दाखव." पुन्हा कोणी तो विषय काढला नाही.

मग ताईंनी गुडघ्यांचं ऑपरेशन करून घेतलं आणि काही महिन्यांत तुरुतुरु जिना चढू लागल्या. साडू प्रामाणिक माणूस. सोसायटीची वीज उगाच का जाळायची म्हणून त्यांनी बटण आपल्या हाताने मागे आणलं. दरम्यान त्यांच्या स्वतःच्या छातीत दुखणं निघालं होतं, आणि डॉक्टरांनी दर मजल्यावर थांबून दम घ्यायला सांगितलं होतं. सगळ्या जगाचा वेळ मोजणाऱ्या या माणसाने आपला स्वतःचा वेळ हिशेबात धरलाच नाही!

गेल्या दिवाळीत मी कल्याणहून फराळ घेऊन गेलेलो. दोघं मिळून जिना चढत होतो. दुसऱ्या मजल्यावर ते कठड्याला धरून थांबले आणि दिव्याकडे बघत म्हणाले, "जायला हवा होता आत्तापर्यंत." दिवा जळतच होता. आम्ही सावकाश वर पोचलो, तरी जळतच होता. "टायमर बिघडला वाटतं," असं म्हणत ते हातपाय धुवायला गेले. स्वयंपाकघरात ताई पोळ्या लाटत होत्या. पोळपाटाच्या बाजूला साडूंचा तो छोटा स्क्रूड्रायव्हर पडलेला. मी बघतोय हे पाहून ताईंनी तो पदराखाली घेतला.

"त्यांना बोलू नका हं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "चढताना अंधारात थांबायला लागलं ना, तर हा माणूस घाबरेल. आणि कोणाला सांगणारही नाही."

मी बोललो नाही. माझ्यासारख्याच्या पोटात ती गोष्ट टिकली याचं माझ्या बायकोलाही आश्चर्य वाटेल. पण नुसत्या आवाजावरून टायमर ओळखणाऱ्या माणसाला आपल्याच जिन्यातलं बटण कोणी फिरवलं हे कळलं नसेल, हे मला काही पटत नाही. बिघडलेला म्हणतात तो टायमर त्यांनी अजून बदललेला नाही. मध्यंतरी एकदा नुसतं म्हणाले, "चालतोय तोवर चालू दे."