दारापेक्षा उंच तानुकी

आमच्या शिगाराकीत, जपानातल्या या कुंभारांच्या गावात, भट्टीवाल्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, आणि भट्टीवाला मी. तीस वर्षं भट्टीत माल रचला, तोंडाचा पट्टाही तितकाच चालवला. त्या तोंडाला कुलूप घातलं ते माझ्या वहिनीनं, हिसानोनं.

भाऊ गेल्यावर वहिनी तोकुजी मालकांच्या कारखान्यात मांजरं रंगवायला बसली. पंजा उचलून गिऱ्हाईक बोलावणारी ती वीतभर मांजरं. अकरा वर्षं नुसत्या मिशा आणि डोळे! मग इसेच्या एका सराईनं दारात उभा करायला तानुकी मागवला, म्हणजे भाग्य घेऊन येणारं, कुत्र्यासारखं दिसणारं मातीचं रानजनावर. सुटलेलं पोट, डोक्यावर गवती टोपी, हातात साकेचा, तांदळाच्या दारूचा बुधला, आणि होईल तेवढा उंच. मोठं काम करणारा कारागीर आजारी पडलेला. वहिनी उठून म्हणाली, "मी करते."

"कर," मालक म्हणाले. "पण वाया गेला तर मोठ्या मातीला पुन्हा हात लावायचा नाही. जन्मभर मांजरं."

मातीच्या वळकट्या एकावर एक चढवत तिनं तो उभा केला. मी माप घेतलं आणि ओरडलोच, "वहिनी, भट्टीच्या दारापेक्षा चार बोटं उंच झालाय हा!"

"असू दे, भावजी. वाळला की आकसेल."

"मला शिकवता? ही खरबरीत माती, आकसली तर दोन बोटं. बाकीच्या दोन बोटांचं काय? कमरेत कापा, दोन तुकडे भाजू, मग जोडू."

वहिनी भडकली. "सांधलेलं पोट सराईच्या दारात? आलेलं भाग्य त्या फटीतून गळून जाईल. हात तर लावून बघा!"

मग काय, मी गावभर सांगत सुटलो. न्हाणीघरात, साकेच्या दुकानात, जिथं बसेन तिथं. लोक तिला विचारायचे, "काय हो, तानुकीनं गुडघे टेकले की नाही अजून?" एकदा तिला त्याच्या पायांवर हात ठेवून एकटीच बसलेली पाहिली. तरी दुसऱ्या दिवशी हसलोच.

भट्टी भरायच्या दिवशी सगळा कारखाना जमला. तानुकी ओंडक्यांवर सरकवत दाराशी आणला. वहिनीनं कमरेच्या फडक्यातून गाठ मारलेली दोरी आणि वाळलेल्या मातीची एक पट्टी काढली.

"दार मी आधीच मोजलं होतं, भावजी. माती चाळून खर काढली, बारीक माती जास्त आकसते. तिचीच ही पट्टी. ओली असताना दोन रेघा मारल्या, वाळल्यावर त्यांतलं अंतर मोजलं. पाच बोटं आकसणार होता, म्हणून चार बोटं जास्त केला. सराईला उंच हवा होता ना? मग मिळेल ती उंची का सोडू?"

मी बाह्या सरसावल्या. मागून ढकलायला लागलो. टोपी कमानीखाली आली. आणि सरकली की आत! वर बोटभर जागा राखून! बाया किंचाळल्या, मालकांनी टाळी वाजवली. "आजपासून मोठं काम हिसानोचं," ते म्हणाले. वहिनी घळाघळा रडत हसत होती, आणि खरं सांगतो, माझाही ऊर भरून आला.

तो तानुकी भट्टीतून एकही तडा न जाता निघाला, अजून इसेला उभा आहे. पण गाव आठवण काढतं ती भट्टी भरली त्या दिवसाची. तीस वर्षं ज्या दारातून वाकून गेलो, तिथंच टोपीकडे बघण्याच्या नादात माझं कपाळ थाडकन कमानीवर आपटलं. वहिनीनं ओलं फडकं आणून टेंगळावर दाबलं.

"भावजी," ती म्हणाली, "तुम्ही मात्र अजून वाळायचे राहिलात."