कानाला पोचलेला हात

नांदेडला थोरल्या बहिणीच्या घरी एका दुपारी आम्ही तिघं भावंडं टीव्हीपुढं बसलो होतो. धाकटी लातूरहून आली होती. क्लासवाल्या पोरांना सुट्टी, म्हणून तिची मेस बंद होती. मालिकेत दोन राजकन्या होत्या, सख्ख्या बहिणी. कुणीतरी धाकटीचं तारुण्य काढून थोरलीला देतं आणि धाकटी त्या एका भागातच म्हातारी होते. हे कुणी केलं, ते तिला ठाऊक नसतं.

"केसांना पीठ फासलंय," थोरली म्हणाली.

"मैदा हाय," धाकटी म्हणाली. "ज्वारीचं एवढं पांढरं दिसत न्हाई."

दोघी हसल्या. मला मात्र ती राजकन्या कुणाला विचारते, आणि कळल्यावर काय करते, तेच बघायचं होतं.

किल्लारीजवळच्या आमच्या गावात मी नवा मास्तर झालो, तेव्हा या दोघी एकाच दिवशी शाळेत दाखल झाल्या. तोवर धाकटीला सांभाळायला थोरली घरीच होती. जन्माचा दाखला कुणाकडंच नसायचा. उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागला की मूल सहा वर्षांचं झालं, असं धरायचे. धाकटी उंच, तिचा हात सहज पोचला. थोरली नुकतीच गोवरातून उठलेली, तिचा कसाबसा टेकला. हेडमास्तरांनी धाकटीला सात पूर्ण सांगितली आणि थोरलीला जेमतेम सहा. खरं नेमकं उलटं होतं. माझी नोकरी नवी. मी गप्प राहिलो आणि ते म्हणाले तसं लिहिलं.

पुढं भूकंपात आई गेली. नंतर भूकंपग्रस्तांसाठी भरती निघाली, दोघींनी अर्ज केले. थोरली वयाच्या अटीत बसली आणि कारकून झाली. धाकटीचं कागदावरचं वय काही महिन्यांनी जास्त भरलं आणि ती बाद झाली. वय असं कसं लागलं, हे तिनं मला विचारलं होतं. आईनंच तसं सांगितलं, असं मी म्हणालो. खोटं पाडायला आई नव्हती.

जाहिराती लागल्या तसा मी थोरलीला टीव्हीचा आवाज बंद करायला लावला आणि दोघींना हे सगळं सांगितलं. थोरली हातातल्या रिमोटकडं बघत राहिली. धाकटी बारीकसारीक विचारत गेली. आधी कुणाला बोलावलं, हेडमास्तर काय म्हणाले, आई कुठं होती. आई रानात होती, मी म्हणालो. ती शाळेत आलीच नव्हती, तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

धाकटीनं उजवा हात डोक्यावरून नेऊन बघितला. भाकऱ्या थापून तिचा खांदा धरलाय. हात कानाला लागला नाही.

"नोकरीचं जाऊ दे, दादा," ती म्हणाली. "पण मी इतकी वर्षं आईला बोल लावत आले. तुला ऐकू येत व्हतं ना?"

येत होतं. दर भाऊबीजेला तिच्याकडून ओवाळून घेताना मी ते ऐकत होतो, आणि मान हलवत होतो.