समोरची खुर्ची

व्हीलरसाहेब गेल्याचं मला त्यांच्या बायकोच्या पत्रातून कळलं. पाकीट फोडलं तेव्हा गॅसवर आमटी होती. ती उतू गेली तरी मी पत्र हातात धरून तशीच उभी. मिसेस व्हीलरनी इंग्लंडहून दोन पानं लिहिली होती. पहिल्यावर बातमी... झोपेतच गेले, त्रास झाला नाही. दुसऱ्या पानाचं शेवटी सांगते, कारण त्या पानानं माझी चांगलीच जिरवली आहे.

व्हीलरसाहेब इथे सिंगापूरला ब्रिटिश वकिलातीत अधिकारी होते. ओळख झाली ती आम्हा मराठी मंडळींच्या गणपतीत. एक उंचापुरा गोरा माणूस माझ्याशेजारी येऊन चक्क मराठीत विचारतो, "आपण सांगाल का, आरत्या अजून किती शिल्लक आहेत?" मी गारच! तरुणपणी त्यांची पहिली नेमणूक मुंबईत होती. तेव्हा शिकायला घेतलेली मराठी अर्धवट राहिली होती, ती निवृत्त होण्याआधी पुरी करायची होती. मी लग्नाआधी पुण्यात शाळेत मराठी शिकवायचे, आणि इथे सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये नुसती बसून होते. नवरा, श्रीकांत, जहाजावर सेकंड इंजिनियर. वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर. मग दर शनिवारी सकाळी मी दोन बस बदलून साहेबांच्या बंगल्यावर जाऊ लागले.

मी जात्याच चौकस. हा माणूस दिवसभर करतो तरी काय, हे मला काही केल्या कळेना. "एवढे देश फिरलात, तिथे केलंत काय?" असं विचारलं की म्हणायचे, "मुख्यतः जेवलो." एकदा मात्र बघायला मिळालं. व्हरांड्यात एक टेबल आणि समोरासमोर दोन वेताच्या खुर्च्या होत्या. साहेबांनी पेन्सिलीनं एक पत्र लिहिलं, उठले, टेबलाला वळसा घालून समोरच्या खुर्चीत बसले, कागद आपल्याकडे फिरवून घेतला आणि कपाळाला आठ्या घालून वाचू लागले. दोन ओळी खोडल्या, परत जागेवर आले. "हे काय हो?" मी विचारलं. "आता मी हे पत्र वाचणारा मंत्री होतो," साहेब म्हणाले. "मला फार राग आला." मी हसून हसून बेजार. पण त्यांचं कुठलंच पत्र, अगदी धोब्याला लिहिलेली चिठ्ठीसुद्धा, ही प्रदक्षिणा झाल्याशिवाय घराबाहेर पडत नसे.

मग श्रीकांत अडकला. करार संपून चार महिने झाले तरी त्याच्या जागी कंपनी दुसरा इंजिनियर पाठवेना. जहाज कुठल्याशा परक्या बंदराबाहेर नांगर टाकून उभं, आणि श्रीकांतला कावीळ झालेली. एका ओळखीच्या खलाशाबरोबर चिठ्ठी आली, त्यातलं अक्षर मला त्याचं वाटेचना. तांजोंग पगारला कंपनीच्या एजंटचं ऑफिस होतं. तिथला क्लार्क रोज आपल्या सिंगापुरी इंग्रजीत एकच सांगायचा, "बॉस नॉट इन, ला." शनिवारी मी धडा बाजूला ठेवला. "साहेब, एजंटला एक फोन करा. तुमच्या शब्दाला वजन आहे." त्यांनी वही मिटली. "ओळखीच्या माणसांसाठी मी माझं पद वापरत नाही," म्हणाले. माझं डोकंच फिरलं. "मग त्या पदाचं काय लोणचं घालायचंय?" त्यांना माझं किती मराठी कळायचं देव जाणे, पण हे बरोबर कळलं.

"तुम्ही त्याला काही लिहिलंय?" त्यांनी शांतपणे विचारलं. लिहिलं होतं की! तीन पानं, कोर्टात खेचीन, पेपरात छापून आणीन... पत्र पर्समध्येच होतं. त्यांनी मला समोरच्या खुर्चीत बसवलं. "आता तुम्ही एजंट." मी नाइलाजानं वाचायला लागले आणि दुसऱ्या पानावर थांबले. "काय वाटतं?" "बाई भांडकुदळ दिसते," मी म्हटलं. "हे वकिलाकडे पाठवीन आणि जेवायला जाईन." "मग कशानं हलाल?" मी विचार केला. एजंटलाही मालकाला तोंड द्यायचं असतं. त्याला मालकापुढे ठेवता येईल असं कारण हवं. शेवटी सात ओळी उरल्या. इंजिन सांभाळणारा माणूस आजारी आहे, इंजिनाचं काही झालं तर मालक आधी तुम्हाला विचारतील, बदली माणूस लगेच पाठवलात तर हा प्रश्नच उरणार नाही. दहाव्या दिवशी श्रीकांत चांगी विमानतळावर उतरला, हळदीसारखा पिवळा, निम्मा झालेला. मी तिथेच सगळ्यांदेखत रडले.

साहेबांनीच गुपचूप फोन फिरवला, ही माझी खात्री. सात ओळींनी कधी कंपनी हलते का! "खरं सांगा, तुम्हीच केलंत ना?" मी खोदून खोदून विचारायचे. "पत्र तुमचं होतं," एवढंच उत्तर. बघा केवढा हा विनय, असं मी गावभर सांगत फिरले. निवृत्त होऊन इंग्लंडला परतताना ती समोरची खुर्ची त्यांनी आमच्याकडे पाठवून दिली. त्यानंतर दर दिवाळीला मी पोस्टानं चिवडा-शंकरपाळ्यांचा डबा पाठवायचे, वर चिठ्ठी: "तुमच्यामुळे आमच्या घरी दिवाळी आहे."

आता ते दुसरं पान. मिसेस व्हीलर लिहितात, त्या शनिवारी मी गेल्यावर साहेबांनी खरंच फोन केला होता. अख्ख्या नोकरीत नियम मोडला तो तेवढा एकदाच. एजंटनं "हा तुमचा विषय नाही" असं सुनावून फोन ठेवून दिला. पुढं जे घडलं ते माझ्या पत्रानं. "तुमचा डबा आला की ते आधी चिठ्ठी वाचायचे. तिला एकदा सांगायला हवं, असं दर वर्षी म्हणायचे. धीर झाला नाही."

ती खुर्ची आमच्या जेवणाच्या टेबलाशी आहे, बाकीच्या खुर्च्यांशी अजिबात न जुळणारी. मुलीच्या शाळेला लिहिलेली तक्रार असो की सासूबाईंना धाडायचं पत्र, मी तिथे बसून वाचल्याशिवाय पाठवत नाही. मिसेस व्हीलरना लिहिलेलं सांत्वनाचं पत्रही वाचलं, चार ओळी खोडल्या. मग एका कागदावर दिवाळीची ती ओळ लिहिली, टेबलावर ठेवली आणि वळसा घालून समोर जाऊन बसले. आता मी साहेब. एवढ्या वर्षांत तेवढी एकच चिठ्ठी मी या खुर्चीतून वाचली नव्हती.