सासरे मरायला तयार नव्हते
मराठ्यांच्या दोन गाद्या, एक पुण्याकडची आणि एक इकडची दक्षिणेतली, एकमेकींशी लढल्या, ते युद्ध आम्ही कानडी मुलखातल्या चामराजपेटच्या मिरवणुकीत दरवर्षी करून दाखवतो. इथल्या जुन्या मराठी घराण्यांनी हरायचं आणि पुण्याहून आलेल्या आम्ही आयटीवाल्यांनी जिंकायचं, हे ठरलेलं. यंदा हरणारे सेनापती होते माझे सासरे. मी शंभरदा पुठ्ठ्याची तलवार खुपसली, तिची घडीची पोळी झाली, तरी ते उभेच! मागे पार म्हैसूरपर्यंत बसगाड्या तुंबल्या.

"अण्णा, स्वल्प मरा की!" मी त्यांच्याच कानडीमिश्र बोलीत हात जोडले.

"जावयाच्या हातून? आमच्या घराण्यात असलं चालत नाही!"

शेवटी वैतागून मीच रस्त्यावर आडवा झालो. सासऱ्यांनी विजयाची आरोळी ठोकली, बसगाड्या हलल्या, आणि माझी पुण्याची फौज अजून माझ्याशी बोलत नाही.