उभ्याची नोकरी

तिचे खरे नाव पगाराच्या पाकिटापुरते उरले होते. नदीकाठच्या धक्क्यावरील त्या उपाहारगृहात स्वयंपाक्यापासून भांडी विसळणाऱ्यापर्यंत सगळे तिला बसाताई म्हणत. दाराशी उभे राहून येईल त्या पाहुण्याला हसून ‘या, बसा’ म्हणायचे आणि मोकळ्या टेबलापर्यंत पोचवायचे, हे तिचे काम. दिवसभरात ती इतक्यांना बसवी की झोपेत कूस बदलतानाही तोंडून तोच शब्द निघे. ती स्वतः मात्र दुपारच्या डब्यापुरती, मागच्या कोळशाच्या खोलीत, भाजीच्या क्रेटवर काय ती टेके. नियमच तसा होता: पाहुण्यांच्या नजरेला पडेल अशा जागी नोकरमाणसाने बसायचे नाही.

‘ताई, घोडासुद्धा उभ्यानं झोपतो,’ मुख्य स्वयंपाकी तिला म्हणे. ‘तुम्ही निदान तेवढं तरी शिकून घ्या.’

‘शिकलेय की. उघड्या डोळ्यांनी झोपायचं जमलंय. आता घोरणं तेवढं आवरायचंय.’

हे उपाहारगृह म्हणजे जहाजांच्या कारखान्याचे जुने बॉयलरघर. कारखाना बंद पडल्यावर धक्का कित्येक वर्षे भकास पडला होता. मग कुणाच्या तरी डोक्यातून कल्पना निघाली आणि गंजक्या छपरांखाली दिवे लागले. दोरखंडाच्या गोदामात कॉफी मिळू लागली, रंगाच्या कोठारात बेकरी आली, पंपघरात बिअर आणि बर्फाच्या कारखान्यात मासळी. सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर पाय ठेवायला जागा नसे. टेबल मोकळे होईनासे झाले, की ताटकळलेले पाहुणे बसाताईलाच विचारत, ‘इथे आणखी कुठे चांगलं मिळतं हो?’

ती यांतल्या कुठेच जेवली नव्हती. पण जाता-येता प्रत्येक दुकानात तिने काचेतून डोकावलेले होते, आणि तिच्या शिणलेल्या नजरेला ताटातले काही दिसतच नसे. दिसत त्या खुर्च्या.

‘बेकरीतला पाव चांगला म्हणतात,’ ती सांगे, ‘पण तिथली स्टुलं उंच. पाय लोंबकळतात, मांड्यांना रग लागते. कॉफी प्यायची तर दोरखंडाच्या गोदामात जा. सोफे आहेत. फक्त एकदा रुतलात की उठवायला माणूस लागेल. पंपघरात नुसती बाकं, पाठ टेकायला काही नाही. तिशीच्या आतले असाल तर जा.’

‘आणि मासे?’

‘बर्फाच्या कारखान्यात. हातांच्या खुर्च्या आहेत, वर गादी, खाली पाय ठेवायला दांडी. माणूस तासभर सुखानं बसेल.’

‘अहो, पण मासे कसे असतात?’

‘असतील चांगलेच. तिथून उठायची घाई कुणाला झालेली दिसत नाही.’

पाहुणे हसत. तिला त्यात हसण्यासारखे काही वाटत नसे. तिच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा गाठी होऊन वर आल्या होत्या. संध्याकाळी पाय असे जड होत की ते आपले नसून कुणीतरी सांभाळायला दिलेले आहेत असे वाटे. डॉक्टरांनी बोटाने दाबून पाहिले आणि म्हणाले, ‘बसून करण्यासारखं काम बघा. नाहीतर हे पाय तुम्हाला एक दिवस बसवतीलच.’

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिला हसू आले होते. बसण्या-बसण्यात किती अंतर असते, हे डॉक्टरांना कोण सांगणार? तिच्या घरात एक माणूस आधीच घरी बसलेला होता.

तो तिचा नवरा. ह्याच बॉयलरघरात त्याने उमेदीची वर्षे घातली होती. कारखाना बसला, तसा तोही बसला. सुरुवातीला इकडेतिकडे कामे करून पाहिली, पण कशावर हात बसला नाही. मग खिडकीशी खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत राहणे हेच काम झाले. बायको त्याच बॉयलरघराच्या दाराशी नोकरीला लागली तेव्हा त्याने तिला अडवले नाही. मात्र धक्क्याच्या दिशेला त्याने पुन्हा पाऊल टाकले नाही. चिडला की म्हणे, ‘या घरात एक कायमची उभी आणि एक कायमचा बसलेला. चालणारं कुणीच नाही.’ बोलणे विनोदाचे असे, पण हसत कोणी नसे.

तेव्हा बसाताईला बसायचे होते, पण घरी बसायचे नव्हते. दोघेही बसले तर चूल कुणी उभी करायची? अशातच बातमी आली, की बिलाच्या खिडकीवरची बाई नोकरी सोडणार. त्या खिडकीमागे खुर्ची होती, पाठ टेकायची. व्यवस्थापक बाईंकडे, म्हणजे सगळ्यांच्या मॅडमकडे, ती जागा मागायची असे तिने ठरवले. मागायला गेली ती नेमक्या भलत्या दिवशी.

त्या सकाळी एक म्हातारे जोडपे आले. आजोबांच्या हातात काठी, गुडघा दुखरा. टेबलाला बराच वेळ होता. दाराबाहेर ते एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकू लागले, तसे बसाताईला राहवेना.

‘आजोबा, माझं ऐका. त्या बर्फाच्या कारखान्यात जा. इथे पायांची कशाला परीक्षा?’

ती त्यांना कोपऱ्यापर्यंत रस्ता दाखवून आली. दुपार कलताना ते दोघे मुद्दाम परतले, आभार मानायला. आजींचा आवाज खणखणीत होता.

‘अहो ताई, तुमचं ऐकलं ते किती बरं केलं! काय जेवण होतं त्यांच्याकडे! आणि हे तासभर एकदाही कुरकुरले नाहीत. लग्नानंतर पहिल्यांदाच!’

मॅडम बसाताईच्या मागेच उभ्या होत्या.

कोळशाच्या खोलीत बोलणे झाले. मॅडम वयाने तिच्या मुलीसारख्या, पण बारीकसारीक काही नजरेतून सुटू न देणाऱ्या.

‘ताई, आपल्या दारात उभं राहून तुम्ही शेजाऱ्यांचा धंदा वाढवताय?’

‘त्यांना उभं राहवत नव्हतं, मॅडम.’

‘मग मला सांगायचं. मी खुर्ची दिली असती त्यांना.’

‘त्यांना दिली असतीत,’ बसाताई म्हणाली.

टोमणा मारायचा तिचा विचार नव्हता. पण तो लागायचा तिथे लागला. मॅडमनीही भिंतीला पाठ लावली होती आणि एक टाच बुटातून अर्धी बाहेर काढलेली होती. चोरून घेतलेली ती विश्रांती बसाताईला ओळखीची होती. एवढ्याशा धीरावर तिने विचारून टाकले.

‘बिलाच्या खिडकीवर मला बसवा. पाय गेले हो माझे.’

‘तिथे मालकांची भाची येतेय. ठरलंय ते. आणि खरं सांगू? दाराशी तुमच्यासारखं माणूस मला मिळणार नाही.’

कौतुक असे गळ्यात पडले की काढूनही ठेवता येत नाही. मग मॅडमच म्हणाल्या, ‘दुपारपर्यंत येत जा. अर्धी पाळी. पण उरलेल्या अर्धीला माणूस तुम्ही आणायचा, सोमवारपासून. नाहीतर मला पूर्ण दिवसाचं दुसरं कुणीतरी बघावं लागेल.’

घरी आल्यावर तिने चहा ठेवला आणि ताकाला जाऊन भांडे न लपवता नवऱ्याला सरळच विचारले.

‘मी?’ तो म्हणाला. ‘ज्या दारातून शेवटचा बाहेर पडलो, त्याच दारात उभा राहून लोकांना आत बोलावू? माझ्या भट्टीच्या जागी आता काय आहे?’

‘केकचं कपाट.’

‘बघ! केकचं कपाट!’

‘थंड असतं. आत दिवा लागतो.’

‘मला नाही जमायचं. मला हसता येत नाही.’

‘हसायचं माझ्या पाळीत उरकून घेईन मी. तुम्ही नुसतं टेबल दाखवा.’

‘नको म्हटलं ना.’

वाद घालायला तिच्यात त्राण नव्हते. ती खाटेच्या कडेला टेकली आणि डॉक्टरांनी दिलेले घट्ट मोजे उतरवू लागली. एरवी हे काम ती मोरीचे दार लावून करी. आज तेवढे चालायचेही जिवावर आले. मोजा पोटरीखाली सरकला आणि त्याची नजर तिथे गेली, ती तिथेच राहिली. बॉयलरची नळी फुटण्याआधी तिच्यावर कसा फुगवटा येतो, हे त्याने आयुष्यभर पाहिले होते.

‘हे कधीपासून?’

‘झाले बरेच दिवस.’

‘बोलली नाहीस.’

‘तुम्ही विचारलं नाहीत.’

तक्रार नव्हती. बाहेर अंधारून आले आहे, असे सांगावे तसे ती म्हणाली. तो पुन्हा खिडकीशी जाऊन बसला, पण रस्त्याकडे बघेना.

सोमवारी सकाळी ती निघताना त्याने विचारले, ‘माझे बूट कुठे आहेत?’

‘खाटेखाली, मागे.’

‘जुन्या गोष्टी-बिष्टी सांगणार नाही मी कुणाला. त्या मॅडमना आधीच सांगून ठेव.’

दुपारी तो आला, दाढी करून. दारापाशी क्षणभर अडखळला, छताकडे पाहिले, कपाटाकडे पाहायचे टाळले, आणि पहारेकऱ्यासारखा उभा राहिला.

‘कमरेवरचे हात काढा,’ ती हळूच म्हणाली. ‘बॉयलर नाही, माणसं आहेत ती.’

‘फरक काय? दोघांनाही वेळेवर खायला घातलं नाही तर फुटतात.’

ती घरी आली. दिवसाउजेडी आपले घर तिला परके वाटले. घासायची भांडी होती, कपडे होते. ते सगळे राहू देऊन ती त्याच्या खुर्चीत बसली आणि समोरच्या स्टुलावर उशी ठेवून पाय वर घेतले. खिडकीतून रस्ता दिसत होता. एक सायकल गेली. बऱ्याच वेळाने दुसरी गेली. हा माणूस इतकी वर्षे काय बघत होता, याचे उत्तर तिला मिळाले: काहीच नाही. तिला वाईट वाटायला हवे होते, पण त्याआधीच झोप लागली.

तो आला तेव्हा दिवे लागले होते. दारातच तो भिंतीला धरून उभा राहिला.

‘कसं झालं?’

‘सगळ्यांना पाण्याजवळचंच टेबल हवं. नदी काय पळून चाललीय? एकानं विचारलं, मासे कुठे चांगले मिळतात.’

‘मग?’

‘म्हटलं, मला काय ठाऊक? कालपर्यंत मी घरी बसलो होतो.’

‘घरी बसलो’ असे त्याने स्वतःच्या तोंडाने म्हटलेले तिने पहिल्यांदाच ऐकले. तो हसला नाही, तीही हसली नाही. तो वाकून बूट काढू लागला. पाय सुजून बुटांत घट्ट बसले होते, निघता निघेनात. पाणी गरम करून द्यावे म्हणून तिने खुर्चीच्या हातांवर जोर दिला.

‘राहू दे. उठू नकोस,’ तो म्हणाला. ओढूनताणून बूट काढले आणि अनवाणी, भिंतीच्या आधाराने, तो स्वयंपाकघरात गेला. भांडे नळाखाली धरल्याचा आवाज आला, मग ते शेगडीवर आदळल्याचा.

‘काडेपेटी कुठे असते गं?’

तिने बसल्या जागेवरून सांगितले.